नांदेडहून निलंग्याला रिकामी बस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बस उभी राहिल्यापासून मला रस्त्यात थांबवून "बाई, ही काय भानगड?" असं विचारणारी माणसं इतकी वाढली आहेत, की शाळेत पोचायला रोज उशीर होतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. वाचा आणि मला शाळेत जाऊ द्या.

भानगड सुरू झाली वेरुळात. मी निलंग्यात मुलींच्या शाळेत शिकवते आणि आमचे हे, मन्मथअप्पा, कापडाचे व्यापारी. तीस वर्षं त्यांनी आठवडी बाजार केले. सोमवार या गावचा, मंगळवार त्या गावचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेरूळची लेणी बघायला गेलो, तर लेण्यांच्या खालच्या झाडाखाली एक जुनी बस उभी होती आणि तिच्यात एक परदेशी जोडपं संसार मांडून बसलं होतं. आत पलंग, आत चूल, खिडकीला पडदे. त्या गोऱ्या बाईनं अप्पांना आत बोलावून कॉफी पाजली. लेणी मी एकटीनं बघितली.

परतताना अप्पा म्हणाले, "महानंदा, जन्मभर लोकांच्या गावचा बाजार बघितला. गाव काही बघायचं झालं न्हाई. आपण पण अशी बस घ्यायची."

मला वाटलं, कॉफी उतरली की हेही उतरेल. पण ते उतरलं नाही. शेवटी नांदेडजवळच्या एका बंद पडलेल्या कारखान्याची, कामगारांना ने-आण करणारी बस विकायची आहे असं कळलं आणि अप्पा जाऊन ठरवून आले. ज्योतिष्यानं सांगितलं की यांच्या नावावर लोखंड घेऊ नका, म्हणून बस माझ्या नावावर झाली. मला सायकलसुद्धा चालवता येत नाही.

बुधवार, नांदेड

गाडी चालवायला अप्पांनी पाशाभाईंना सोबत घेतलं होतं. पाशाभाई देगलूरचे. सगळी हयात एसटीत ड्रायव्हर म्हणून घालवून निवृत्त झालेले. उंच, पांढरी दाढी, आणि बोलताना डावा हात सतत गिअर टाकल्यासारखा हलता.

कारखान्याच्या आवारात बस बघितली. आत काहीच नव्हतं. सगळ्या सीटा आधीच काढून नेलेल्या. ड्रायव्हरची सीट तेवढी होती आणि अगदी मागचं लांब बाकडं, तेही बोल्ट गंजून निघेना म्हणून राहिलेलं. मधे नुसता पत्रा. लग्नाचा मांडव आवरल्यावर दिसतो तसं.

"बघ किती जागा," अप्पा म्हणाले.

परिवहनच्या कचेरीत गाडी घरी नेण्यापुरता तीन दिवसांचा परवाना काढायचा होता. चष्मा नाकाच्या टोकावर घेतलेले एक कारकून फॉर्म भरत होते.

"मालक?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी माझ्याकडे बोट केलं.

"बरं. चालक?"

पाशाभाईंनी लायसन पुढे केलं.

"अन हे कोण?" कारकुनांनी अप्पांकडे पेन रोखलं. "गाडीत तीनच माणसं चालतील. मालक एक, चालक एक, मदतनीस एक. चौथा रकाना न्हाई. नवरा असा रकाना पण न्हाई."

"क्लीनर लिहा साहेब," पाशाभाई लगेच म्हणाले.

"मदतनीस," कारकुनांनी लिहिलं. आणि मन्मथअप्पा, ज्यांनी घरात आजवर स्वतःचं ताट उचललेलं नाही, ते सरकारी कागदावर माझे मदतनीस झाले.

मग जिल्ह्याचा घोळ. अप्पा म्हणाले उस्मानाबाद, त्याच वेळी मी म्हणाले लातूर. रेशनकार्डावर उस्मानाबाद, शाळेच्या दाखल्यावर लातूर. कारकुनांनी दोन्ही कागद समोरासमोर धरून बघितले.

"तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?"

"जिल्हा नवा झालाय साहेब," अप्पा म्हणाले. "घर जुनंच हाय."

त्यांनी शेवटी लिहिलं, 'लातूर, पूर्वीचा उस्मानाबाद', आणि अटी वाचून दाखवल्या. प्रवासी घ्यायचे नाहीत. माल घ्यायचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लातूरच्या कचेरीत गाडी दाखवायची, म्हणजे तिथं तिची प्रवासी बस म्हणून असलेली नोंद मोडून राहण्याची गाडी म्हणून नोंद होईल. पाच वाजून गेले तर परवाना संपला.

"मग?" मी विचारलं.

"मग गाडी जिथं असंल तिथं उभी करायची. पुढं काय ते आमच्या हातात न्हाई."

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवलो. डाळ, रोटी, खीर. आमच्याकडे पंगतीत वाढपी ओळखीचा असला तर ताटात जास्त पडतं. इथं वाढणारा कुणाकडे बघतच नव्हता, सगळ्यांना सारखं. जेवण झाल्यावर अप्पा उठले, आपलं ताट उचललं आणि रांगेत उभे राहून ठेवून आले. मी हुरळून गेले नाही. परवाना किती दिवसांचा आहे ते मला ठाऊक होतं.

लोह्याची वाट

मागच्या बाकड्यावर बसून बसचा प्रवास केला असेल त्याला मी काय सांगते ते कळेल. मधे सीटा नसल्यामुळे धरायला काही नाही. ब्रेक लागला की आम्ही दोघं पत्र्यावरून घसरत थेट पाशाभाईंच्या पाठीशी जात होतो, आणि गाडी निघाली की परत मागे. पहिल्या तासात मी निलंग्यापर्यंतचं निम्मं अंतर बसच्या आतच कापलं असेल.

आणि ब्रेक सारखा लागत होता. का, ते मला तिसऱ्या वेळी कळलं. रस्त्याच्या कडेला एसटीचा थांबा आला की पाशाभाई गाडी थांबवत होते.

"पाशाभाई, काय झालं?" अप्पा ओरडले.

"काही न्हाई अप्पा. पाय आपोआप जातो. तीस सालची आदत हाय, काय करू?"

तोवर दहा-बारा माणसं आत चढली होती. आत सीटा नाहीत याचं कुणालाच काही वाटलं नाही. सगळे पत्र्यावर मांडी घालून बसले. एक आजोबा चौफेर नजर फिरवून कौतुकानं म्हणाले, "नवी गाडी काढली जणू. लई ऐसपैस केली."

मी वर्गात उभी राहते तशी उभी राहिले आणि परवान्यातली अट मोठ्यानं वाचली. दुष्काळी कामावरून घरी चाललेली माणसं होती, दमलेली. कुरकुरत का होईना, उतरली. एक म्हातारी मात्र गाठोडं मांडीवर घेऊन बसूनच राहिली.

"आजी, ही एसटी नाही. ही आमची गाडी आहे. हिचं आम्ही घर करणार आहोत."

"घर हाय का?"

"हो."

"मग बसू द्या की घरात. घरी आलेल्याला कुणी उठिवतं का?"

अप्पांनी खाली उतरून एका बैलगाडीवाल्याला हात जोडले, म्हातारीला गाडीत बसवून दिलं आणि मग ते दार धरून उभे राहिले. पुढचे सगळे थांबे ते दारात उभं राहून हातात परवाना धरून "न्हाई, न्हाई" म्हणत होते. लोह्याला पोचेपर्यंत त्यांचा आवाज बसला. मुक्कामाला मठात जागा मिळाली. तिथल्या स्वामींनी विचारलं, "कशानं आलात?" आणि अप्पांना उत्तर देता आलं नाही, नुसता घोगरा आवाज निघाला.

गुरुवार, खडकवस्ती

लोह्याच्या पुढे रस्ता चढाला लागतो. सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. दोन्ही बाजूंनी रानं उघडी, झाडांना पानं नाहीत, माती विटेसारखी. आठ वाजता बसच्या तोंडातून वाफेचा लोट निघाला आणि गाडी थांबली. आणलेले दोन्ही डबे पाणी रेडिएटरनं कालच पिऊन टाकलं होतं.

पाशाभाईंनी झाकणाखाली वाकून बघितलं. "गळून राहिला. दोन डबे पाणी पाहिजे, भाभी."

माळावर दहा-पंधरा घरांची वस्ती दिसत होती. मी डबे घेऊन निघाले. बाईमाणसाला पाणी कुणी नाही म्हणत नाही, असा माझा समज.

वस्तीच्या खाली विहीर होती. काठावर हंड्यांची रांग आणि रांगेत बायका. मी आत डोकावले. तळाला पायऱ्यांवर एक बाई बसली होती आणि खडकाच्या भेगेतून झिरपणारं पाणी वाटीनं हंड्यात भरत होती. वाटी भरली की ओतायची, मग पुन्हा वाटी भरायची वाट बघायची.

माझे डबे एकदम जड झाले. आमच्याकडे निलंग्यात तिसऱ्या दिवशी नळ येतो म्हणून मी गेल्याच आठवड्यात नगरपालिकेला चार ओळींचा खरमरीत अर्ज दिला होता.

काठावर कंबरेला पदर खोचून, हातात काठी घेऊन एक उंच बाई उभी होती. तिचं नाव गोदा. रांग तिच्या ताब्यात होती.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

"पाणी हवं होतं. गाडी तापलीय."

"सव्वीस हंडे हायेत. तुमचा सत्ताविसावा. बसा." मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं खाली हाक मारली, वाटीभर पाणी वर मागवलं आणि माझ्या हातात दिलं. "आधी तुम्ही प्या. गाडीचं मग बघू. गाडीला नंबर न्हाई हितं."

मी प्याले आणि बसले. बसल्यावर गप्पा आल्याच. नवरा काय करतो, लेकरं किती, आणि ती गाडी कुणाची?

"माझी," मी म्हणाले.

"मालकाची म्हना की."

"मालक मीच. कागदावर नाव माझं आहे."

"अन तुमचे मालक?"

"ते मदतनीस."

रांगेत हसू फुटलं ते थांबेचना. विहिरीतल्या बाईनं खालून विचारलं, "काय झालं?" आणि वरच्या सगळ्यांनी एकदम ओरडून सांगितलं. मग ती खाली एकटीच हसत बसली. विहिरीतून तिचं हसणं घुमत वर येत होतं. पाच-सहा जणी तर उठून मदतनीस बघायला रस्त्यावर जाऊन आल्या. अप्पांनी बिचाऱ्यांनी त्यांना नमस्कार केला.

गोदा मात्र हसता हसता रस्त्याकडे वळली. ती बसकडे बघत होती.

"बाई, आतून रिकामी हाय का गाडी?"

"हो."

"हितनं दोन कोसावर मळ्यात हीर हाय. पाणी हाय तिला. मळेवाले न्हाई म्हनत न्हाईत, पर आनायचं कसं? बैलं चाऱ्याच्या छावणीत. डोक्यावर एक हंडा आनायला निम्मा दिस जातो. पिंपं हायेत आमच्याकडं, चौदा. रिकामी पडून राहिलीत." तिनं काठी बसकडे रोखली. "आम्ही तांब्या-तांब्या देतो. गाडी चालू करा. पर गाडी आधी मळ्याकडं न्ह्यायची."

मी तिला परवाना वाचून दाखवला. प्रवासी नाही, माल नाही.

"पानी माल हाय का?"

"आता बघा," मी म्हणाले आणि परवाना पुन्हा वरपासून वाचायला घेतला.

आम्ही बसपाशी आलो. अप्पांचा जीव वर-खाली होत होता. "शुक्रवारी पाच," ते घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणत होते. कायद्याला ते फार भितात. दुकानात मापाची पट्टी दरवर्षी मुदतीच्या आधी तपासून आणतात.

पाशाभाई म्हणाले, "भाभी, गाडीला पाणी लागतंच. पिंपं भरून आणू. कुणी विचारलं तर गाडीचं पाणी म्हणायचं."

"चौदा पिंपं?"

"गळतो ना रेडिएटर."

यावर अप्पांनीसुद्धा आशेनं माझ्याकडे बघितलं. पण पंचवीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून शिकवलं, ते काय रेडिएटरच्या आड लपायला? मी म्हणाले, "पाणी आणायचं. आणि आणलं म्हणून लिहून द्यायचं."

तिथंच बसच्या पायरीवर बसून मी अर्ज लिहिला. 'सविनय विनंती अर्ज. मी खाली सही करणार बसची मालकीण, परवान्यात मनाई असताना आज खडकवस्तीच्या लोकांसाठी पिण्याचे पाणी गाडीतून आणत आहे. भाडे घेतलेले नाही. वस्तीची विहीर वाटीने भरावी लागते. चूक माझी आहे, चालकाची व मदतनिसाची नाही. तरी माफी असावी.' खाली सही केली. गोदा म्हणाली, "आमचंबी घ्या." मी पेनातली शाई एकेकीच्या अंगठ्याला लावली आणि सव्वीस अंगठे उमटले. गोदानं अंगठा दिला नाही. तिनं पेन मागून घेतलं आणि एक-एक अक्षर कोरत आपलं नाव लिहिलं. तेवढ्यात पाशाभाईंची विडी ओढून संपली.

मग एकेक बाई आली आणि आपल्या हंड्यातलं एक-एक तांब्या पाणी रेडिएटरमध्ये ओतून गेली. पहाटेपासून वाटीवाटीनं भरलेलं पाणी होतं ते. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. नाहीतर मी त्या बायकांना तोंड कसं दाखवलं असतं?

पहिल्या खेपेला बायकांनी मळ्यात चालत जायचं असं मी ठरवलं, कारण प्रवासी घ्यायचे नाहीत. पिंपं मळ्यात भरली. आता येताना ती धरणार कोण? तर मदतनीस. चौदा भरलेली पिंपं आणि एकटे मन्मथअप्पा. गाडीवाटेच्या पहिल्याच खड्ड्यात तीन पिंपं एकदम सरकली, अप्पा त्यांना आडवे गेले, मागची चार त्यांच्या अंगावर आली. वस्तीवर बस थांबली, दार उघडलं आणि आधी पाणी बाहेर आलं, मग अप्पा. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. त्या माळावर दोन वर्षांत इतकं ओलं काही कुणी बघितलं नव्हतं. कोंबड्या धावत आल्या.

गोदा कपाळाला हात लावून उभी. "अहो, अर्धं तुम्हीच प्यायलात की! बाई, कायदा तुमचा ऱ्हाऊ द्या. आता आम्ही बसनार."

दुसऱ्या खेपेला एका पिंपाला एक हात, असं करत सात बायका आत बसल्या. मी अडवलं नाही. अर्जात तेवढी एक ओळ वाढवली. येताना एक थेंब सांडला नाही. आणि वस्तीच्या तोंडाशी सरकारी जीप उभी होती.

जीपमधून एक हवालदार उतरला आणि धुळीनं पांढरे झालेले, फाईल काखेत धरलेले नायब तहसीलदार. टंचाईची पाहणी करत फिरत होते. हवालदारानं आत डोकावून बघितलं, चौदा पिंपं, सात बायका, कोपऱ्यात ओले अप्पा.

"मालक कोण?"

अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. पाशाभाईंनी पण केलं. सात बायकांनी पण केलं.

मी परवाना दिला आणि वर अर्ज ठेवला. हवालदारानं परवाना वाचला. "ह्यात तर साफ मनाई हाय बाई. मला नोंद करावी लागंल."

"करा," मी म्हणाले. त्यानं परवान्याच्या पाठीमागं लिहिलं, 'गाडीत पाणी व बाया आढळल्या.' खाली सही.

नायब तहसीलदार अर्ज वाचत होते. पुन्हा वाचला. मग फाईल उघडली आणि गोदाला म्हणाले, "तुमच्या वस्तीला विहीर आहे अशी नोंद आहे आमच्याकडे. म्हणून तुमचं नाव टँकरच्या यादीत नाही."

"हाय की हीर. कोन न्हाई म्हनतंय? चला, दावते."

ती त्यांना खाली घेऊन गेली. पायरीवर बसवलं, हातात वाटी दिली आणि म्हणाली, "भरा." आम्ही वरून बघत होतो. साहेब भेगेला वाटी लावून बसले. बसले ते बसलेच. हवालदारानं दोनदा घड्याळ बघितलं. वर आले तेव्हा वाटीत निम्म्याच्या वर पाणी नव्हतं, आणि ते त्यांनी जपून हंड्यात ओतलं.

"हा अर्ज मी ठेवून घेतो," ते मला म्हणाले. "चालेल ना?"

न चालून काय करणार?

त्या दिवशी पुढं जाणं झालं नाही. संध्याकाळी गोदाच्या दारात जेवलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची तिखट चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. जेवणावर पाणी पिताना आम्ही तिघंही तांब्याच्या बुडाकडे बघून पीत होतो. ताटं राखेनं पुसून ठेवायची. अप्पांनी आपलं पुसलं आणि गोदाचंही पुसलं. ती म्हणाली, "बाई, मदतनीस चांगला मिळाला तुम्हाला."

शुक्रवार, लातूर

सकाळी निघालो तेव्हा वेळ भरपूर होता. पण अहमदपूर आलं आणि पाशाभाईंनी सवयीनं गाडी थेट बसस्थानकात घातली. नुसती घातली नाही, मागे घेत घेत फलाटाला नीट लावली. खाली उतरून जांभई दिली. खिडकीतल्या कंट्रोलरनं वही काढली आणि "गाडी कुठली?" विचारलं तेव्हा कुठं ते भानावर आले. तोवर उदगीरला जाणारे वीस जण आत पत्र्यावर बसले होते. त्यांना उतरवण्यात पाऊण तास गेला, कारण आता अप्पांचा आवाज पूर्णच गेला होता.

मी तेवढ्यात समोरच्या हॉटेलातून कागदात बांधून सुशीला आणली. मुरमुऱ्यांची, वर भरपूर कोथिंबीर. पाशाभाई म्हणाले, "खाऊन निघू." मी म्हणाले, "चालता चालता खा." पुढे चाकूरच्या अलीकडे टायर बसलं. स्टेपनी होती, पण जॅक बसच्या मापाचा नव्हता. एका ट्रकवाल्यानं थांबून आपला दिला. त्याला मी सगळी हकीकत सांगितली, तर तो म्हणाला, "बाई, पाच वाजायला लई वेळ न्हाई. बोलू नका, बसा."

लातुरात शिरलो तेव्हा जागोजागी नळाशी घागरींच्या रांगा. नवा जिल्हा, नव्या पाट्या, रंग अजून ओला आणि खाली कोरड्या घागरी. कचेरीच्या दारात बस उभी राहिली तेव्हा पाचला दहा कमी होती. मी धावले. पंचवीस वर्षांत मला कुणी धावताना बघितलेलं नाही.

टेबलामागच्या साहेबांनी परवाना उलटा केला आणि मोठ्यानं वाचलं, "गाडीत पाणी व बाया आढळल्या." कचेरीतले सगळे माना वर करून बघू लागले.

"किती बाया?"

"सात."

"आणि पाणी?"

"चौदा पिंपं. दोन खेपा. पहिल्या खेपेतलं बरंच मदतनिसाच्या अंगावर सांडलं."

मी सगळं सांगितलं, विहिरीपासून वाटीपर्यंत. सांगताना मला वाटत होतं, गेली बस. अप्पांचं दोन वर्षांचं स्वप्न गेलं ते या माझ्या खरेपणापायी. त्यांना बोलता येत नव्हतं, ते नुसते दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि एक कोरा कागद ओढला. मला लेखी ताकीद मिळाली, 'पुन्हा असे करू नये'. आजवर मी शेकडो मुलींना ताकीद दिली आहे. मला मिळालेली ही पहिली. ती मी उभ्याउभ्या दोनदा वाचली. पुढच्या वेळी मुलींना जरा जपून देईन.

मग त्यांनी शिक्का उचलला आणि बसच्या कागदावर नवी नोंद केली. बाहेर आल्यावर अप्पांनी माझा हात धरला. भर लातुरात, भर रस्त्यात. पाशाभाईंनी सभ्यपणे तोंड फिरवून टायर तपासायला घेतलं.

निलंगा

औश्यावरून घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. बस गल्लीत मावेना. ती तोंडाशी उभी राहिली ती अजून तिथंच आहे. पाशाभाई दुसऱ्या दिवशी खऱ्या एसटीनं देगलूरला गेले. जाताना म्हणाले, "मागं बसून जाणं म्हणजे शिक्षाच हाय भाभी." सुतारानं आत पलंग केला, चूल बसवली. पडद्यांचं कापड अप्पांनी दुकानातून आणलं, तीन वेळा बदललं. सुट्टीत कुठं जायचं यावरून आमचं रोज भांडण होतं, आणि ते आम्ही बसमध्ये बसून करतो.

महिन्याभरानं माझ्या नावावर तहसील कचेरीचा लखोटा आला. टाइप केलेल्या अक्षरात, जावक क्रमांकासकट. मला वाटलं, आली शिक्षा. अप्पांनी उघडू दिला नाही, आधी देवापुढे ठेवला. मग मी उभ्यानंच वाचला.

'आपल्या विनंती अर्जास अनुसरून कळविण्यात येते की, खडकवस्ती येथे दररोज टँकरची एक खेप मंजूर करण्यात आली असून ती सुरू झाली आहे. माहितीस्तव.'

मी कागद उलटून पाठीमागं बघितलं, लखोटा झटकून बघितला. अर्जात मी मागितली होती ती माफी. तिच्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.